मदत हवी आहे: पहिलीच परदेशवारी, पाच माणसं आणि १ लाख ८५ हजार. बँकॉक, लुंबिनी की नकोच?

नमस्कार, जय भीम सगळ्यांना. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहून टाकते. थोडं लांबेल.

आम्ही नाशिकचे. मिस्टर सातपूरला कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहेत, मी घरीच शिवणकाम करते. मुलगी १६ वर्षांची, अकरावीला. मुलगा ९ वर्षांचा. आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, त्या ६८ च्या. आमच्यापैकी कोणीच आजवर विमानात बसलेलं नाही आणि पासपोर्ट कोणाकडेच नाही. मिस्टरांचा दोन वर्षांचा बोनस, माझी भिशी आणि ब्लाऊज शिवून साठवलेले असे मिळून १ लाख ८५ हजार झालेत. ह्याला कुणाचं देणं नाही, एफडी वेगळी आहे ती मोडायची नाही हे आमचं आधीच ठरलंय.

मिस्टरांच्या कंपनीतले दोघंतिघं बँकॉक-पटाया करून आले तेव्हापासून ह्यांच्या मनात तेच आहे. एका एजंटकडे चौकशी केली तर माणशी ४८ हजार म्हणाला, म्हणजे पाच जणांचे २ लाख ४० हजार, वर पासपोर्ट. पासपोर्टचा हिशोब मी स्वतः केला, आम्हा दोघांचे १५०० प्रमाणे ३०००, साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट म्हणून आईंचा १३५०, मुलाचा १०००, आणि मुलीचा १८ पर्यंतचाच काढला तर १००० पण दहा वर्षांचा काढला तर १५००. म्हणजे ६८५० धरा. कमी पडतात ते साठेक हजार ईएमआयवर करून देतो म्हणतो एजंट. व्हिसाचा प्रश्न नाही, थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरपासून आपल्याला व्हिसा माफ केलाय असं तो सांगतो. पण पुढच्या वर्षी मुलगी बारावीला, क्लासची फी, सीईटी, आणि त्यात फिरायला जाऊन आल्यावर हप्ते भरत बसायचं हे माझ्या पोटात जात नाही.

आता दुसरी बाजू. आईंना नेपाळमधली लुंबिनी, बुद्धांचं जन्मस्थळ, बघायची आहे. नुसती हौस नाही हो ती. २०१९ मध्ये आमच्या भागातल्या बायकांबरोबर त्या धम्मसहलीला गेल्या होत्या, बोधगया, सारनाथ, कुशीनगर सगळं झालं आणि सोनौलीला बॉर्डरवर गाईड म्हणाला की तुमच्याकडे नुसतं आधार आहे, नेपाळला ते चालत नाही, मतदान कार्ड पाहिजे. घरून निघताना टूरवाल्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या जणी लुंबिनीला जाऊन आल्या आणि आई दिवसभर सोनौलीला लॉजच्या खोलीत एकट्या बसून. मैत्रिणीने त्यांच्यासाठी तिथली पिंपळाची दोन पानं आणली, ती अजून घरी बाबासाहेबांच्या फोटोमागे वहीत ठेवलेली आहेत, एकाची तर नुसती जाळी राहिलीये. आई दर १३ ऑक्टोबरला येवल्याला मुक्तिभूमीवर जातात, पौर्णिमेला त्रिरश्मी लेणीखालच्या विहारात जातात, पण लुंबिनीचं नाव त्या स्वतःहून कधी काढत नाहीत. म्हणूनच मला जास्त वाटतं. गुडघे दुखतात आता, अजून पाच वर्षांनी जमेल का माहीत नाही.

मुलीला विमानात बसायचंय आणि बर्फाचे डोंगर बघायचेत. मुलाला काहीही चालतं.

तर विचारायचं असं की,
आमच्यासारख्यांनी एवढ्या पैशात परदेशात जाणं शहाणपणाचं आहे का, की हे पैसे सरळ मुलीच्या शिक्षणाला ठेवावेत? गेलोच तर नेपाळ ह्या पैशात बसेल का, रेल्वेने जाता येतं का, आणि आईंच्या कागदपत्रांचं परत तसं काही होणार नाही ना? कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा.

प्रतिसाद १

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी आईवडिलांना घेऊन ह्याच रस्त्याने गेलोय म्हणून लिहितो.

आधी कागदांचं, कारण तेच तुमच्या मनाला लागलंय. नेपाळला भारतीयांना व्हिसा नाही आणि पासपोर्टही लागतोच असं नाही, मोठ्या माणसांना निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड चालतं. आधार चालत नाही हे २०१९ ला आईंच्या बाबतीत बरोबर होतं कारण तेव्हा त्या ६२ च्या असणार. १५ च्या आतली आणि ६५ च्या वरची माणसं फोटो आणि वय दाखवणाऱ्या दुसऱ्या कागदावर जाऊ शकतात, त्यात आधार येतं. म्हणजे आज आईंना आधारवर जाता येईल आणि मुलालाही. तुम्हा दोघांची मतदान कार्डं न्या, ओरिजिनल, मोबाईलमधला फोटो नाही. अडचण असेल तर ती मुलीची, १५ ते १८ वाल्यांना शाळा-कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं ओळखीचं पत्र लागतं, ठरलेल्या नमुन्यातलं. ते आधी हातात घ्या मग तिकिटं काढा. तरी आईंचं मतदान कार्ड घरात असेल तर तेही सोबत ठेवा, दोन कागद असले की त्यांनाही धीर येईल.

रेल्वे म्हणाल तर कुशीनगर एक्स्प्रेस तुमच्या नाशिकरोडवरूनच जाते, उतरायचं गोरखपूरला. तिथून सोनौली साधारण ९० किलोमीटर, गाडीने तीनेक तास. बॉर्डर पायी ओलांडली की पलीकडे भैरहवा आणि तिथून लुंबिनी वीसबावीस किलोमीटरच. थर्ड एसीच करा, आईंसाठी लोअर बर्थ मागा. ज्येष्ठांची तिकीट सवलत २०२० पासून बंद आहे तेव्हा ती धरू नका. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीत मात्र ह्या गाडीच्या नादी लागू नका, छटपूजेची गर्दी असते, रिझर्व्हेशन असूनही डब्यात पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं, गाड्या सहासहा तास लेट. मे मध्ये लुंबिनीला ऊन असं की आई दुपारी बाहेर पडू शकणार नाहीत. मार्चअखेर बघा, मुलीची अकरावीची परीक्षा झाली की.

आणि येताना गोरखपूरहून मुंबईला थेट विमान आहे. मुलीचं तेही होऊन जाईल.

खर्च माझ्या अंदाजाने: जातानाची रेल्वे साडेनऊ हजार, येतानाचं विमान लवकर काढलं तर ३२-३३ हजार, मुंबई-नाशिक गाडी ३, लुंबिनीत दोन रात्री दोन खोल्या ८, मुलीच्या बर्फाच्या डोंगरांसाठी पुढे पोखऱ्यात तीन रात्री १५, गाड्या सगळ्या मिळून २५, खाणं १५. एक लाख आठ-दहा हजार होतात, वर पंधरा हजार हातात ठेवा. आपला एक रुपया म्हणजे तिथले १.६०, हा दर वर्षानुवर्षं तोच आहे, हॉटेलवाला किंमत सांगेल तेव्हा कुठले रुपये ते आधी विचारा. पोखऱ्याचा रस्ता घाटाचा आहे, आठ तास धरा, मध्ये एक मुक्काम केला तर गुडघ्यांना बरं.

प्रतिसाद २

बँकॉक वाईट नाही पण ४८ हजारात काय नाही ते विचारा ना आधी. दुपारचं जेवण, बेटावरची सहल, सामानाचं वजन, ह्यातच माणशी दहा हजार सहज वाढतात. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर पैसे अडकतात. कार्डने खर्च केलात तर बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्क्यांपर्यंत वरचे लागतात. मुख्य म्हणजे फिरण्यासाठी हप्ता नको, ह्यात मी ताईंच्या बाजूने आहे. पासपोर्ट मात्र सावकाश काढून ठेवा, दहा वर्षं चालतो, मुलीला पुढे उपयोगी पडेल.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. दादा, तुमचं उत्तर मी मिस्टरांना रात्री वाचून दाखवलं. ते ६५ च्या वरचं वाक्य आलं तेव्हा आई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या परत वाच. मग स्वतःचं आधार काढून आणलं, जन्मतारखेवर बोट ठेवून बघत बसल्या.

मिस्टर बँकॉक सोडायला तयार झालेत, म्हणजे पूर्ण सोडलं नाही, मुलगी मार्गी लागल्यावर बघू म्हणाले. मुलीला मी गूगलवर पोखऱ्याचे फोटो दाखवले, माछापुच्छ्रे डोंगर तळ्यात दिसतो तो, ती लगेच हो म्हणाली. उरलेले साठ हजार तिच्या नावाने बाजूला टाकायचं ठरलंय.

आता दोनच शंका राहिल्यात. प्राचार्यांच्या पत्राचा नमुना कोणाकडे असेल तर प्लीज टाका, तिच्या कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर त्यांनी असं पत्र कधी दिलेलंच नाही. आणि मायादेवी मंदिरात, जिथे जन्मस्थळ दाखवतात तिथे आतपर्यंत जायला पायऱ्या किती आहेत, व्हीलचेअर मिळते का? अशोकस्तंभापाशी आईंना निवांत बसून वंदना म्हणायची आहे, तिथे तेवढा वेळ बसू देतात का, तेही जाऊन आलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.