समीरची सनरूम: थ्री सीझन की फोर सीझन (फॅमिली ग्रुप)

समीर: मंडळी एक सल्ला हवाय. घरामागच्या डेकच्या (लाकडी ओट्याच्या) जागी सनरूम करायची म्हणतोय, दोन कोटेशन आलीत, एक थ्री सीझन आणि एक फोर सीझन, दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळपास दुप्पट. वृंदा म्हणते करायची तर बारा महिने वापरता येईल अशीच करू, मला वाटतं कॅनडात, आमच्या मिसिसागात, जानेवारीत तिथे जाऊन बसणार कोण

मीनलआत्या: सनरूम म्हणजे काय रे, काचेची गॅलरी का

समीर: हो आत्या, आपली गुहागरची पडवी काचेने बंद केली तर कशी होईल तसं. थ्री सीझनला साधी काच नाहीतर विनाइलच्या सरकत्या खिडक्या, इन्सुलेशन नाही, हीटिंग नाही. फोर सीझनला डबल काच, दोन काचांमध्ये आर्गॉन गॅस, छत आणि जमीन दोन्ही इन्सुलेटेड, शिवाय हीटिंग

केतकी: आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला थ्री सीझनच आहे आणि आम्ही खूश आहोत. एप्रिल ते ऑक्टोबर मुलं तिथेच पडलेली असतात, डास नाहीत, पाऊस बघत चहा. नोव्हेंबरपासून कुंड्या आत घ्यायच्या आणि दार लावून टाकायचं. फक्त एक, तो छोटा इलेक्ट्रिक हीटर लावून हिवाळ्यात बसू वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, हीटर बंद केला की दहा मिनिटांत खोली परत गार आणि बिल मात्र येतंच. आणि तुमच्याकडे आमच्यापेक्षा थंडी जास्त, म्हणजे महिना-दीड महिना अजून कमी धर

वृंदा: केतकी तेच म्हणतेय मी, वर्षातले सहा महिने बंद ठेवायची खोली एवढे पैसे घालून कशाला बांधायची

नंदूकाका: समीर, काचेचं नंतर. आधी सांग खाली काय आहे. फुटिंग, म्हणजे खांबांचे पाये, किती खोल आहेत?

समीर: काका डेक जुना आहे, आधीच्या मालकाने केलेला. खांब नुसते काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवलेत असं वाटतं

नंदूकाका: मग त्यावर काहीही उभं करू नको. तुमच्या भागात जमीन साधारण 1.2 मीटर म्हणजे 4 फूट खोल गोठते असं धरून पाया घेतात. मातीतलं पाणी गोठलं की ती फुगते, वरचा ठोकळा उचलते, उन्हाळ्यात परत खाली बसते. लाकडी डेक हे सहन करतो कारण तो थोडा हलला तर कोणाला कळत नाही, पण काचेची चौकट अर्धा इंच जरी तिरकी झाली तरी खिडक्या अडकायला लागतात, सील सुटतात, घराच्या भिंतीला जिथे जोड आहे तिथून पाणी आत येतं. पीडब्ल्यूडीत सगळी नोकरी गेली माझी, बर्फातलं बांधकाम कधी केलं नाही पण माती सगळीकडे मातीच असते. म्हणजे दोन्हीपैकी काहीही केलंस तरी नवा पाया आलाच, आणि परमिटही काढावं लागेल. ते थ्री सीझनचं कोटेशन परत वाच, त्यात जुन्याच डेकवर बांधायचं गृहीत धरलं असेल म्हणून स्वस्त दिसतंय

समीर: बघतो... हो काका, "एक्झिस्टिंग डेक" असंच लिहिलंय

वृंदा: 😀 दुप्पटचं कोडं सुटलं

आई: आमच्यासाठी काही करू नका हं, आम्ही येतो ते मे ते नोव्हेंबरच

वृंदा: आई, पुढच्या वर्षी सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर येताय ना, मग हिवाळाही इथेच. बर्फ पडल्यावर गुडघ्यामुळे तुम्ही बाहेर पाऊल टाकत नाही, मागच्या वेळी नोव्हेंबरचे शेवटचे दिवस सोफ्यावर काढलेत. ती खोली सगळ्यात जास्त तुम्हीच वापरणार

मीनलआत्या: कोवळं ऊनही मिळेल वहिनीला, व्हिटॅमिन डी कमी आहे ना तिचं

प्राजक्ता: आत्या, काचेतून ऊब येते पण व्हिटॅमिन डी नाही बनत, त्यासाठी लागणारे यूव्हीबी किरण खिडकीची काच अडवते. आणि तिकडे ऐन हिवाळ्यात उघड्यावर बसलं तरी फारसं बनत नाही, ऊन खूप तिरकं असतं. गोळ्या चालू ठेवायच्या काकू. बाकी काळोख्या दिवसांत उजेडात बसायला मिळणं मनाला चांगलंच

समीर: तिरकं म्हणजे किती ते मी काढलं होतं, 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य जेमतेम 23 अंशांवर, पुण्यात तेव्हा 48 असतो. जूनमध्ये इथे 70 च्या आसपास. आपली मागची बाजू दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यात ऊन थेट खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत येईल

नंदूकाका: मग छत काचेचं करू नको. जूनचं ऊन डोक्यावरून येईल आणि खोलीची भट्टी होईल, शिवाय वरच्या मजल्याच्या छपरावरचा बर्फ घसरून थेट त्यावर पडणार. छत भरीव, इन्सुलेटेड, बाहेर थोडं पुढे काढलेलं, आणि काचा दक्षिणेच्या भिंतीला. जूनचं ऊन छपरावर अडेल, डिसेंबरचं खालून आत येईल

केतकी: आणि घराच्या फर्नेसचाच डक्ट (गरम हवेचा पाइप) तिकडे वाढवू म्हणाले तर नाही म्हण. माझ्या मैत्रिणीकडे तसं केलं तर बाकीच्या खोल्या गारठल्या. वेगळा मिनी स्प्लिट हीट पंप (स्प्लिट एसीसारखाच, पण गरमही करणारा), कोल्ड क्लायमेटवाला, ते उणे 20-25 लाही चालतात आणि उन्हाळ्यात एसी पण तोच. घर आणि सनरूममधलं आत्ताचं जाड दार मात्र काढू नका, फार थंडी असेल त्या आठवड्यात ते लावून खोली घरापासून वेगळी ठेवता येते

वृंदा: तुळस वाचेल म्हणजे या वर्षी, दर डिसेंबरला मरते. कढीपत्ता पण

आई: कढीपत्त्याला थंडीत पाणी कमी घाल, पानं गळली तरी टाकू नको, फुटतो परत

समीर: ठीक, फोर सीझन. पण खोली लहान करतो, 12 बाय 16 फुटांऐवजी 10 बाय 12, काच कमी म्हणजे पैसे पण आवाक्यात येतील. फ्रेममध्ये थर्मल ब्रेक (बाहेरची थंडी आत येऊ न देणारा मधला थर) आहे का ते विचारतो, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमवर आतून पाणी सुटतं म्हणे. प्रॉपर्टी टॅक्सही थोडा वाढेल, तो धरलाय

मीनलआत्या: कुरडया वाळतील का रे तिथे

वृंदा: जुलैत नक्की आत्या, तुम्ही या घालायला

नंदूकाका: फुटिंगची खोली कोटेशनमध्ये लिहून घे, तोंडी नको. आणि ड्रॉइंगचा फोटो नको, पीडीएफ पाठव, मागच्या वेळी एक आकडा दिसत नव्हता