रेहेकुरीला काळवीट बघायला जायचंय, कधी आणि कसं जावं?

पुण्याहून प्रश्न:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा आणि दोन मुलांना घेऊन रेहेकुरी अभयारण्यात जायचा विचार आहे, एका दिवसात होईल का आणि काळवीट नक्की दिसतात का? बाबांना फार चालवत नाही. कृपया अनुभव सांगा.

उत्तर १:
नक्की जा! आधी एक सांगतो, मॅपवर नुसतं कर्जत टाकू नका, ते रायगडचं निघतं, आपल्याला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं कर्जत हवंय. पुण्याहून भिगवण, राशीन, कर्जत असा रस्ता घ्या, पहाटे लवकर निघा कारण ऊन चढलं की कळप बोरी-बाभळीच्या सावलीला जाऊन बसतात आणि मग समोर असून दिसत नाहीत. अभयारण्य अगदी छोटं, जेमतेम २१७ हेक्टर, त्यामुळे बाबांना त्रास नाही. दुर्बीण मात्र न्याच. एका जागी शांत बसलात की कळप आपोआप जवळ सरकतो, त्यांच्या मागे गेलात तर संपलंच, एक मादी टुणकन उंच उडी मारते आणि पाठोपाठ सगळा कळप उड्या मारत पसार.

उत्तर २:
मुलांना एक दाखवा, काळवीट हे चितळासारखं हरीण नाही, कुरंग (इंग्रजीत अँटिलोप) आहे. पिळाची शिंगं फक्त नराला (मादीला क्वचितच) आणि ती चितळासारखी दरवर्षी गळत नाहीत. नर लहानपणी मादीसारखाच बदामी असतो, वयात येताना पाठ काळी होत जाते. मोठा नर आपल्या हद्दीत एकाच जागी लेंड्या टाकून ढीग करतो, वाटेत दिसेल. आणि झाडं कमी म्हणून हिरमुसू नका, काळवीटाला मोकळं गवताळ रानच लागतं, तिथेच तो लांबून लांडगा हेरतो आणि पळून जीव वाचवतो. माळ म्हणजे पडीक जमीन समजून लोक झाडं लावत सुटतात ना, त्याचं फार वाईट वाटतं.

उत्तर ३:
मी त्याच भागातला शेतकरी. हरणांना हद्द कळत नाही, ती आमच्या ज्वारीत, हरभऱ्यात येतात, नुकसान होतं पण आमच्याकडे कोणी त्यांना मारत नाही, रात्री उठून हाकलतो एवढंच. पाहुण्यांना हात जोडून विनंती, फोटोसाठी उभ्या पिकात शिरू नका, गाडी बांधावर घालू नका. रस्त्यावरनंसुद्धा छान दिसतात.

पुण्याहून:
मनापासून आभार! दादा, पिकात पाय ठेवणार नाही, मुलांनाही सांगून ठेवलंय. पहाटे चारला निघतो, येताना सिद्धटेक करू, आईची इच्छा आहे.