बेट्टाच्या अंगावरची गाठ: कापायची की राहू द्यायची?

धानवाला (मूल, जि. चंद्रपूर)
पोरीच्या बेट्टा माशाला डाव्या कल्ल्यामागं गाठ आली आहे. आधी मोहरीएवढी होती, आता ज्वारीच्या दाण्याएवढी. पांढुरकी, वरून फुलकोबीसारखी खडबडीत. मासा खातो-पितो, आरसा दाखवला की कल्ले फुगवून अंगावर धावून येतो. ज्याच्याकडून घेतला तो म्हणतो, ब्लेडनं उडवा अन् हळद लावा. माझं मत, हात लावू नये. तुमचं काय?

बोडीकाठचा (सिंदेवाही)
काहून भेता भाऊ? आमच्या बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) रोहू-कतल्याला ऊ लागते, ती चिमट्यानं काढतो, लाल दवाईच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्यात बुचकळतो अन् सोडतो. मासा काही मरत नाही. उद्या गाठ वाढून कल्ला दाबला तर श्वास कसा घेईल?

मत्स्यविद्यार्थी (नागपूर)
काका, ऊ हा वेगळा जीव, बाहेरून येऊन चिकटलेला. गाठ माशाच्याच पेशींची असते. ती किती खोल गेली ते वरून कळत नाही, अन् एवढ्याशा धडात ब्लेड जरा घसरलं की थेट आतडं. हळद तर पाण्यात सोडताक्षणी धुऊन जाते. गोल्डफिश, कोई अशा माशांच्या गाठी पशुवैद्य काढतात, नाही असं नाही. पण भूल देऊन, आणि मासा हाताएवढा असतो तेव्हा.

वर्णनावरून मला लिम्फोसिस्टिस वाटतो. हा विषाणूचा आजार. त्यात कातडीच्या पेशी इतक्या फुगतात की एकेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसते. त्यावर औषध नाही, अँटिबायोटिक टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पाणी चांगलं ठेवलं तर बरेचदा काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, आपोआप झडतो. गाठ गुळगुळीत असेल, कातडीखालून वर आली असेल, तर ती ट्यूमर असू शकते. तिच्यासकटही मासे बरेच दिवस मजेत जगतात.

मात्र पांढरा केसाळ थर एक-दोन दिवसांत पसरत गेला तर ती गाठ नव्हेच. तो कॉलम्नारिस असू शकतो, जिवाणूंचा, आणि गरम पाण्यात तो झपाट्यानं वाढतो. तिथं वाट पाहत बसलात तर मासा गेला. खवले उभे राहून पोट फुगलं तरी तेच, थांबू नका.

हिशेबी (वणी)
दीडशे रुपयांचा मासा, अन् चर्चा पाहा! कापसाला भाव नाही आणि इथं माशाचं ऑपरेशन. नवीन आणा, जुना तलावात सोडा.

झाडीपट्टीची ताई (गोंदिया)
तलावात अजिबात नको. बेट्टा मुळात थायलंडकडचा. वरून विषाणू असला तर आमच्या मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या) तलावांतल्या माशांना प्रसाद द्यायचा का? ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं, पोट त्यावर चालते. अन् मासा पोरीचा आहे. बैल आजारी पडला की बाजारभाव पाहून दवाखाना करता का हो?

हिशेबी
करतो ना ताई. बैलाचाही भाव पाहतो. पाहावाच लागतो.

मत्स्यविद्यार्थी
धानवाला दादा, मासा ठेवला कशात? पाणी कोणतं?

धानवाला
दोन लिटरची काचेची बरणी. नळयोजनेचं पाणी, पंचायत ब्लीचिंग टाकते. बरणी टिनाच्या पडवीत.

मत्स्यविद्यार्थी
मग गाठीआधी बरणी बदला. पंधरा-वीस लिटरचा टब घ्या, आठवड्याला पाव पाणी बदला, नळाचं पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मगच ओता. बेट्टाला २५ ते २८ अंश मानवते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. टब आतल्या खोलीत न्या, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. बर्फ टाकू नका. लाइन जाऊन हवेचा पंप बंद पडला तरी घोर नाही, हा मासा वर येऊन हवेतला श्वास घेतो.

झाडीपट्टीची ताई
आणि खाणं सुटलं, तळाशी आडवा पडला, तर? हाल बघवत नाहीत.

मत्स्यविद्यार्थी
तेव्हा लवंगतेल, त्रासाविना मरण द्यायला. कोमट पाण्यात चांगलं हलवून दुधाळ करायचं, थोडं थोडं ओतायचं. आधी गुंगी येते. मग मात्रा वाढवायची आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही बराच वेळ त्याच पाण्यात राहू द्यायचा. पण आरशावर धावून जाणाऱ्या माशासाठी हे आज बोलायचं कारण नाही.

बोडीकाठचा
पाण्याचं पटलं. पण गाठ कल्ल्याला टेकली तर मी म्हणतो काढायचीच. नुसतं पाहत राहणं म्हणजे उपाय नव्हे.

मत्स्यविद्यार्थी
टेकली तर काढणारा हात डॉक्टरचा हवा, काका. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोटो दाखवून विचारा.

हिशेबी
मूलहून नागपूर, जाणं-येणं. एसटीच्या भाड्यात दोन बेट्टा येतात.

धानवाला
टब आणला आहे, बादली भरून ठेवली. पोरगी सोबत यायला तयार आहे, तिचं अर्धं तिकीट धरा हिशेबात.