अल्बमला पाचपैकी किती स्टार? आकडा ठरवायचा कसा? (मदत हवी आहे)

धरमपेठी
मंडळी, नमस्कार. नागपुरातल्या एका छोट्या मराठी साप्ताहिकात नव्या अल्बमवर लिहायला लागलोय. लिहिताना फारसं अडत नाही, अडतं ते शेवटच्या ओळीला. संपादकांना पाचपैकी स्टार हवेत, अर्धा चालतो. आणि माझं सगळं साडेतीनवर येऊन बसतं. गझल असो, रॅप असो, अभंग असोत, साडेतीनच!

गाण्यागणिक दहापैकी गुण देऊन सरासरी काढून पाहिली. आठ गाण्यांत दोन नवाची आणि सहा पाचाची, तर सरासरी सहा. दुसऱ्या अल्बमात आठही गाणी सहाची, तरी सहाच. पहिला मी परत लावीन, दुसरा नाही लावणार. मग दोघांना सारखे स्टार कसे द्यायचे? गायकी, शब्द, संयोजन, ध्वनिमुद्रण असे रकानेही करून झाले. त्यात गुळगुळीत अल्बम पुढे जातात आणि घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेला, पण डोक्यातून न जाणारा अल्बम मागे राहतो.

वर एक भानगड आहे. पुढच्या अंकासाठी आलेला अल्बम इथल्याच पोरांचा आहे आणि त्यातला एक जण सदर भागातल्या चहाच्या टपरीवर नेहमी भेटतो.

नियमित परीक्षण लिहिणाऱ्यांनी सांगावं: आकडा आधी ठरवता की लिहून झाल्यावर? ख्याल आणि रॅप एकाच पट्टीनं मोजता का?

तर्रीवाला
भाऊ, मले त एकच समजते. गाडीत लावला अन् बायकोनं बदलला नाही, म्हणजे चार. स्टार कायले पाह्यजे बाप्पा, आयकून सांग ना कसा आहे थे!

मध्यलय
तर्रीवाल्यांची कसोटी वाटते तितकी वाईट नाही, पण छापता येणार नाही. :)

धरमपेठी, मी बरीच वर्षं हे काम करतो. आकडा नेहमी लिहून झाल्यावर द्या. आधी ठरवला की लेख त्या आकड्याची वकिली करत बसतो. लिहून झाल्यावर आपलाच मजकूर परक्यासारखा वाचा. प्रत्येक परिच्छेदात ‘पण’ येत असेल आणि खाली चार स्टार असतील, तर बहुतेक वेळा आकडा चुकलेला असतो, मजकूर नाही.

सरासरीचा नाद सोडा. त्याऐवजी प्रत्येक स्टारला एक खुंटी ठोका. म्हणजे तुमच्या पूर्ण ओळखीचा एक अल्बम दोनला, एक तीनला, एक चारला. नवा आला की एवढंच विचारायचं, की तिनाच्या खुंटीवरचा बाजूला ठेवून मी हा लावीन का? आणि खुंट्या प्रकारागणिक वेगळ्या ठेवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, नंतरच्या एलपी या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस. त्या मापात कापून बसवलेला ख्याल तुम्ही नागपूरच्या देशपांडे सभागृहात ऐकलेल्या तासाभराच्या मैफलीशी ताडलात, तर तो हरणारच. त्या तीन मिनिटांत गायकानं काय साधलं, हे पाहायला हवं.

साडेतीनच्या गर्दीचं फार मनावर घेऊ नका. तुम्ही अल्बम स्वतः निवडता ना? मग टाकाऊ माल मुळात तुमच्यापर्यंत येतच नाही. अमेरिकन संगीत समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ १९६९ पासून ए प्लस ते ई मायनस अशा श्रेणी देत आले. १९९० मध्ये त्यांनी पद्धत बदलली आणि भर मुख्यतः आवडलेल्या अल्बमवर ठेवला. मग श्रेणींची गर्दीही वरच होणार.

आणखी एक, आवाजाची पातळी. दोन अल्बम ताडताना एक जरा मोठ्यानं वाजत असेल, तर कानाला तोच सरस वाटतो. हा कानाचा धर्म आहे, त्यात गाण्याची करामत नसते. ॲपमधली आवाज समान करणारी सेटिंग चालू ठेवा.

खर्जातला
मध्यलय यांना +१. मात्र स्टारचाच कंटाळा आलाय हो. लंडनचं ‘द वायर’ मासिक परीक्षणं स्टारशिवायच छापतं. वाचतातच ना लोक? आकडा लेखापासून सुटून एकटा हिंडतो, हा खरा त्रास. परीक्षणं गोळा करणारी मेटाक्रिटिक ही वेबसाइट सगळ्यांचे आकडे शंभराच्या मापात आणून भारित सरासरी (कुणाला जास्त, कुणाला कमी वजन देऊन) काढते. तिथं साडेतीनचे होतात ७० आणि ६१च्या पुढे सगळं हिरवं, म्हणजे चांगल्यात जमा. तुमचं ‘ठीक आहे’ तिकडे ‘छान आहे’ होऊन बसतं.

विदर्भवासी_ताई
दशांशात गुण दिले तर? पिचफोर्क या संगीत परीक्षणांच्या वेबसाइटसारखे ७.३, ७.४?

मध्यलय
ताई, ०.० ते १०.० म्हणजे १०१ पायऱ्या. अर्ध्या स्टारसकट आपल्याकडे दहाच, आणि माझी त्याच सांभाळताना दमछाक होते. शिवाय तिथं आकडा एकट्या लेखकाचा नसतो, संपादक चर्चा करून पक्का करतात. तरी काळ बदलला की तोही हलतो. लिझ फेअर या गायिकेच्या २००३च्या अल्बमला त्यांनी ०.० दिला होता, २०२१ मध्ये तोच ६.० केला. इतका फरक पडत असेल, तर दशांशाच्या घराची चिंता कशाला?

धरमपेठी
सगळ्यांचे आभार. खुंट्या आजच ठोकतो. तिनाची गझलेतली सापडली, रॅपमधली अजून नाही. पण टपरीवरच्या मित्राचं काय करू? त्याचा अल्बम खरंच तीनचा आहे.

विदर्भवासी_ताई
दुसऱ्याला लिहायला द्या. तुमच्याशिवाय कुणी नसेल, तर लेखातच सांगून टाका की गायक ओळखीचा आहे, आणि मग तीन द्या. नागपूर एवढंसं, वाचकाला ते असंही कळणार.

तर्रीवाला
हाव ना. अन् चहाचे पैसे त्या दिवशी तू दे.

धरमपेठी
देतो भाऊ! शेवटचं विचारतो: त्याच्या अल्बमात चारच गाणी आहेत, म्हणजे ईपी (छोटा अल्बम) आहे. लहान म्हणून अर्धा स्टार कमी करायचा का?

मध्यलय
नाही. लांबीचे गुण कापू नका. फक्त खुंटीसाठी दुसरी एखादी ईपीच घ्या, बारा गाण्यांच्या अल्बमशेजारी ती उगाच कोती वाटते. आणि चौथं गाणं भरतीचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. चारातलं एक पडलं म्हणजे पाव अल्बम पडला.