वनखात्यानेच जंगल पेटवायचं, हे कितपत बरोबर?

हिरवीवाट:
मंडळी, काल एक व्हिडिओ बघितला, अमेरिकेत सरकारी फॉरेस्टवाले स्वतःच पालापाचोळ्याला आग लावत चाललेत. जीव तुटला हो बघून. आणि अजून एक, तिकडे नॅशनल पार्कात लाकूडतोड चालत नाही म्हणतात आणि शेजारच्या सरकारी जंगलातलं लाकूड मात्र सरकारच विकतं. सरकार तर एकच ना? कुणी नीट समजावेल का?

जंगलवेडा:
सरकार एक पण खाती दोन. फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ ची, ती शेतीखात्याखाली, लाकूड, पाणी, चराई सगळं चालू ठेवायचं पण जंगल संपू द्यायचं नाही हे तिचं काम. पार्क सर्व्हिस १९१६ ची, वेगळ्या खात्याखाली, तिने आहे ते जपून पुढच्या पिढीला द्यायचं. यलोस्टोन पार्क तर १८७२ मध्येच झालं होतं, तेव्हा सांभाळायला असं खातंच नव्हतं म्हणून १८८६ पासून तीसेक वर्षं लष्कर तिथे होतं!

आता आगीचं. १९१० मध्ये दोन दिवसांत जवळपास ३० लाख एकर जळालं, त्याचा खात्याने इतका धसका घेतला की पुढे १९३५ मध्ये नियमच केला, आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आणायची. हेतू चांगलाच होता पण झालं काय, जी काडीकचरा आणि झुडपं छोट्या आगीत अधूनमधून जळून जायची ती साठत गेली, आणि मग आग लागली की जमिनीवरून न सरकता झुडपांवरून थेट शेंड्यावर चढायला लागली. सिक्वोया म्हणजे कॅलिफोर्नियातली ती अवाढव्य झाडं, त्यांचं तर बी रुजायलाच आगीनंतरची मोकळी माती लागते, म्हणून तिथल्या पार्कात १९६८ पासून मुद्दाम, हवामान बघून जाळतात.

पानगळ:
अगदी बरोबर. मी एकदा जुन्या पाईनच्या खोडाची चकती हातात घेऊन बघितलीय. वर्तुळांमध्ये ठरावीक अंतराने काळी पाचर, म्हणजे झाड तेवढ्यांदा आगीतून वाचलं आणि जखमेवर नवं लाकूड चढलं. सालीकडच्या शेवटच्या भागात मात्र डागच नाही, तीच ती आग विझवण्याची वर्षं.

पण ताई, तुमची काळजीही खोटी नाही. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत खात्यानेच जानेवारीत जाळलेला फांद्यांचा ढीग बर्फाखाली धुमसत राहिला आणि एप्रिलमध्ये पेटला, खात्याचीच दुसरी एक आगही हाताबाहेर गेली, दोन्ही मिळून ३ लाख ४० हजार एकरांवर गेलं, लोकांची घरं गेली. मग देशभर ९० दिवस असं जाळणं बंद ठेवलं होतं.

हिरवीवाट:
बर्फाखाली तीन महिने?? वाचूनच काटा आला. मग अशा ढिगाची राख गार झाली की नाही हे हात घालून बघायला माणूस ठेवत नाहीत का?

जंगलवेडा:
ठेवतात, तशीच पद्धत आहे, राख उकरून उलट्या हाताने धग बघायची, जिथे गरम लागेल तिथे पाणी आणि पुन्हा उकरायचं. पण वर बर्फ पडला की आतलं कळत नाही, म्हणून वितळल्यावर परत जायला हवं, आणि नेमकी तीच फेरी माणसं कमी असली की राहून जाते असं मला वाटतं.