मदत हवी आहे: नवा बेल्ट टाकूनही चिरचिर परत आली, टेन्शनर गेलाय का?

कोथरूडचा_डिझेलवाला
२०११ ची डिझेल सेडान, १ लाख ४० हजार किमी, स्टिअरिंग हायड्रॉलिक. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की थोडा वेळ चिरचिर. एसी लावून सिग्नलला थांबलं की उजव्या चाकाच्या अंगाने खडखड, आरपीएम जरा वाढवला की गायब. पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की अल्टरनेटर-एसी-स्टिअरिंगचा बेल्ट किंचाळतो. गॅरेजमध्ये बेल्ट बदलला, थोडे दिवस शांत, मग परत तेच. आता अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) खोलायचा म्हणतायत. त्याआधी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात आणि त्यावरची पुली) घरी तपासता येईल का? गोटी पान्यांचा सेट आणि मल्टिमीटर आहे.

गोटी_पाना
येईल. अल्टरनेटर खोलायला देण्याआधी तपासाच.

नव्या बेल्टने आवाज थांबला म्हणून दोष बेल्टचाच होता, असं होत नाही. नव्या रबराची पकड चांगली आणि धारा (आतल्या बाजूच्या लांब उंच रेघा) पूर्ण उंचीच्या, त्यामुळे मेलेली स्प्रिंगसुद्धा काही दिवस भागवून नेते.

आधी पाण्याची चाचणी. इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता), स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या धारांच्या बाजूवर थोडं पाणी मारा, अल्टरनेटरवर नको. चिरचिर क्षणभर थांबून परत आली तर एखादी पुली रेषेत नाही. आवाज वाढला किंवा किंचाळी झाली तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. ओढणी, सैल बाही, लोंबतं काहीही बेल्टजवळ नको, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे लक्षात असू द्या.

मग एसी चालू-बंद करत टॉर्चच्या उजेडात टेन्शनरचा हात बघा. एसीचा क्लच लागताना एक झटका ठीक. सतत थडथडत असेल तर आतलं डॅम्पिंग (झटके शोषणारी व्यवस्था) संपलंय. स्प्रिंगसोबत आत घर्षणाचा बुश असतो, तो झिजला की हाताला आवरणारं काही उरत नाही. तुमची आयडलची खडखड बहुतेक हीच, कारण डिझेलचे झटके आयडलला सर्वात मोठे आणि आरपीएम वाढला की सपाट होतात.

इंजिन बंद करून बॉडीवरच्या खुणा बघा. बऱ्याच टेन्शनरवर किमान-कमाल रेघा असतात. नवा बेल्ट असूनही काटा टोकाला असेल तर बेल्टचा नंबर ताडून पाहा. ६पीके१७५० म्हणजे ६ धारा, १७५० मिमी लांबी. दुकानात तोच नसला की 'थोडा मोठा चालतो' म्हणून गळ्यात मारतात. चालत नाही. हाताच्या सांध्यातून लालसर गंजाचे ओघळ किंवा हात आणि बॉडी घासल्याची चकाकी दिसली तर पुढे तपासायची गरजच नाही.

शेवटी बेल्ट उतरवा. त्याआधी मार्गाचा फोटो काढा. टेन्शनर पान्याने फिरवताना जोर एकसारखा लागायला हवा. मध्ये अडकला, किंवा सोडल्यावर काहीच विरोध न होता फटकन आदळला, तर गेला. पुली बोटाने फिरवा: चांगली थोडं फिरून निमूट थांबते. करकरली, किंवा भिंगरीसारखी फिरतच राहिली, तर ग्रीस संपलंय.

भोसरी_शॉपफ्लोअर
वर एक भर. टेन्शनर बऱ्याचदा स्वतःहून मरत नाही, त्याला कोणीतरी हलवून मारतं. डिझेलमध्ये पहिला संशय अल्टरनेटरच्या पुलीवर. तिच्या तोंडावर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती बहुतेक क्लचची पुली (एकाच दिशेला पकड घेणारी). बेल्ट काढल्यावर अल्टरनेटरच्या जाळीतून आतला पंखा लाकडी काडीने अडवा आणि पुली फिरवा. एका दिशेला रोटर (अल्टरनेटरचा आतला फिरता भाग) सोबत यायला हवा, उलट दिशेला पुली एकटी सुटायला हवी. दोन्हीकडे रोटर सोबत येत असेल तर क्लच जाम, दोन्हीकडे सुटत असेल तर तुटलाय.

क्रँक पुलीवर (इंजिनच्या मुख्य शाफ्टची, बेल्ट फिरवणारी) बाहेरच्या कड्यापासून मधल्या भागापर्यंत खडूची सरळ रेघ मारा. थोडं चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली तर मधलं रबर सुटलंय.

आणि बेल्टविना गाडी गेटबाहेरही नेऊ नका. बऱ्याच डिझेलमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो, म्हणजे बेल्ट नाही तर ब्रेकला मदत नाही. आवाज ओळखायला २०-३० सेकंद इंजिन लावलं तर ठीक, त्याहून जास्त नको. वॉटर पंपही त्याच बेल्टवर असू शकतो.

पेठेतला_जुगाडू
एवढं कशाला राव, नाना पेठेत ६२०३ बेअरिंग घ्या, पुलीत दाबून घ्या, झालं काम. साबणाची वडी बेल्टला लावली तरी गप्प बसतो.

गोटी_पाना
बेअरिंगचं अर्धं बरोबर. पुलीत खरंच ६२०३ (१७×४०×१२) असेल, स्प्रिंग आणि डॅम्पिंग शाबूत असेल आणि पुली लोखंडी असेल तर दोन्ही बाजूंना रबर सीलचं घेऊन बदलता येतं. प्लॅस्टिकच्या पुलीत बेअरिंग ओतून बसवलेलं असतं, ते दाबायला गेलं की पुली फुटते. इथे मात्र हातच थडथडतोय असं वाटतंय, तिथे बेअरिंग काय करणार?

साबण कपड्यांना. साबण, पावडर, स्प्रे या सगळ्याने आवाज दबतो, घसरण तशीच राहते, आणि तेलकट स्प्रेने रबर फुगतं.

कोथरूडचा_डिझेलवाला
तपासलं. पाणी मारल्यावर किंचाळी वाढली. हात सतत थडथडतोय, सांध्याखाली गंजाचे ओघळ आहेत. बेल्टचा नंबर बरोबर. खडूची रेघ जागेवर. अल्टरनेटरची पुली दोन्ही दिशांना रोटरसकट फिरते, आणि तिच्यावर टोपी नाही, नुसतं भोक. चार्जिंग आयडलला १४.१ व्होल्ट, पण एसी आणि हेडलाइट लावले की १३ च्या खाली. फक्त टेन्शनर टाकला तर?

भोसरी_शॉपफ्लोअर
फक्त टेन्शनर टाकला तर जाम पुली त्यालाही खाईल. टोपी पडली की पावसाळ्यातला चिखल थेट क्लचमध्ये जातो, तिथून हे सगळं सुरू झालं असणार. त्या भोकात आतून दाते दिसले तर ती क्लचची पुलीच. पार्ट नंबरवरून एकदा खात्री करा. जुन्या पुलीच्या जागी साधी घट्ट पुली बसवून देणारे भेटतील, नको म्हणा.

क्लच पुली, टेन्शनर, आयडलर (बेल्टला फक्त वाट देणारी मोकळी पुली) एकदम बदला. पुली काढायला खास दातेरी टूल लागतं, गॅरेजमध्ये ते नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे करून घ्या. छिन्नी-हातोड्याने नाही. बेल्ट घसरून धारा चकचकीत झाल्या असतील तर तोही नवा.

बसवताना: नव्या टेन्शनरची लॉक पिन असेल तर बेल्ट सगळ्या पुल्यांवर बसेपर्यंत काढू नका. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून प्रत्येक धार खाचेत आहे का ते बोटाने चाचपा, एक धार बाहेर राहिली तरी बेल्ट लवकर फाटतो. नंतर एसी आणि हेडलाइट लावून व्होल्ट परत मोजा. १३.५ च्या वर टिकले तर अल्टरनेटर खोलायची गरज नाही. आणि नव्या पुलीसोबत टोपी येते, ती लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.