आर्टरीतली हवा

हिपॅटायटिसमधला 'हेपर' म्हणजे यकृत आणि नेफ्रायटिसमधला 'नेफ्रोस' म्हणजे मूत्रपिंड, अशी वैद्यकीय शब्दांची ग्रीक फोड करता येते. त्यात 'आर्टरी'ची, म्हणजे रोहिणीची (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीची), भर घालतो.

ग्रीक 'आर्टेरिया' हा शब्द श्वासनलिकेलाही लावत. तिच्या कड्यांमुळे तिला 'आर्टेरिया ट्राकिया', म्हणजे खरखरीत आर्टेरिया, म्हणू लागले. आजचा 'ट्रेकिया' त्यातलाच. मेलेल्या शरीरात रोहिण्या बहुधा रिकाम्या सापडतात. म्हणून इ.स.पू. ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरासिस्ट्रेटस या ग्रीक वैद्याने ठरवलं की त्यांतून रक्त नाही, 'न्यूमा' म्हणजे प्राणरूपी वायू वाहतो. हे मत चारेकशे वर्षं टिकलं! इ.स.च्या २ऱ्या शतकात गेलन या वैद्याने जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधली, मधे छेद दिला, तर आत रक्तच होतं. नाव मात्र तेच राहिलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

असाच दुसरा ग्रीक शब्द 'डायबेटिस', म्हणजे आरपार निघून जाणारं. रोग्याला सतत लघवी होते म्हणून. त्यात गोडीचा उल्लेखच नाही, ती लॅटिन 'मेलिटस'मुळे, म्हणजे 'मधासारखं गोड' या शब्दामुळे, पुढे जोडली गेली. आपल्या 'मधुमेह'मध्ये गोडी आणि लघवी दोन्ही आहेत. साखरेशी संबंध नसलेला 'डायबेटिस इन्सिपिडस' हाही म्हणूनच डायबेटिस.